पातोडी आणि पावडर

“मॅडम, विकत घ्यायचंय की पाठ करायचंय?”

मेडिकलवाले विलासभाऊ भोयर काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून माझ्याकडे बघत होते. मी तिसऱ्या डब्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचत होते. माझ्या कडेवरची अन्वी डब्यावरच्या पैलवानाच्या दंडावर थापट्या मारत होती.

“भाऊ, यात पहिलं नाव साखरेचं आहे.”

“मग गोड लागन ना.”

“मला गोड नको, प्रोटीन पाहिजे. या दुसऱ्यात प्रोटीन आहे, पण सोबत सहा-सात रंग आहेत. आणि हा पैलवानाचा डबा घेतला तर महिनाभर भाजी बंद करावी लागेल.”

“असं करा,” विलासभाऊ म्हणाले, “डबे इथंच ठेवा आणि कागद वाचाले घरी घेऊन जा.”

मध्ये भिंत आणि भिंतीला खिडकी, अशी ती दोन दुकानं होती. इकडे विलासभाऊंचं मेडिकल, तिकडे त्यांचे धाकटे भाऊ सुधाकर यांचं किराणा. सुट्टे पैसे, चहाचे कप आणि टोमणे त्या खिडकीतून दिवसभर इकडून तिकडे जात. आता तिकडून सुधाकरभाऊंचं डोकं आत आलं.

“अबे, गिऱ्हाईकाले असं बोलतेत का? वाचू दे. नवी पिढी आहे.”

मी हसले नाही. मला तेव्हा हसू सुचत नसे. वनरक्षकाची लेखी परीक्षा मी पास झाले होते आणि आता तीन किलोमीटरची धाव राहिली होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती. ही गेली की माझी बी.एस्सी. कपाटात लग्नाच्या शालूखाली कायमची झोपणार होती. रोज पहाटे मी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर पळायला जायची, आणि दुसरा किलोमीटर संपला की पाय माझे राहत नसत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, “आजार काही नाही. मूल अंगावर पितंय, त्यात तुम्ही पळता, आणि जेवता चिमणीएवढं. प्रोटीन वाढवा. पावडर घेतली तरी चालेल, फक्त साखर-रंगाची नको.”

आता माझ्या पोटात जे जाईल ते दीड वर्षाच्या अन्वीपर्यंत पोचणार, हे एकदा डोक्यात बसलं की माझ्यासारखीने डबा वाचल्याशिवाय घ्यावा कसा? मी ती बाई होते, जी पाळणा बांधल्यावर त्याच्या वरच्या पंख्याचे स्क्रू स्टुलावर चढून पुन्हा पिळून बघायची.

शेवटी खालच्या फळीवर एक साधं पाकीट दिसलं. सोयाबीनचं प्रोटीन. चित्र नाही, पैलवान नाही, साखर नाही. माझ्या नवऱ्याच्या, गुणवंताच्या, राईस मिलच्या पगारात बसणारं.

“हे द्या.”

विलासभाऊंनी ते पुसून माझ्यासमोर ठेवलं. “याले चव नाही बरं का.”

“नसू दे.”

“नाही म्हणजे अजिबातच नाही. वास मात्र आहे.”

घरी येऊन मी पाकीट फोडलं आणि वास खरोखरच होता. ओल्या पुठ्ठ्याचा. आता पावडर ठेवायची कशात? आमच्या घरात डब्यांना तोटा नव्हता, भरवसा मात्र एकाचाही नव्हता. माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात श्रीखंडाच्या डब्यात मीठ, चहाच्या डब्यात हळकुंडं आणि साबणाच्या चुऱ्याच्या डब्यात पोहे असत. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा सगळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आईंनी त्या काढल्या नाहीत. सरळ डब्यांतल्या वस्तू बदलल्या.

“डब्यावरचं वाचून रांधलं असतं ना,” त्या म्हणाल्या होत्या, “तर तुझा नवरा साबण खाऊन मोठा झाला असता.”

फळीवर तिसरा, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा रिकामा दिसला. मी तो धुतला, उन्हात वाळवला, पावडर भरली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘प्रोटीन’. गुणवंताला दाखवलं. त्याने चमचाभर दुधात घालून चाखली आणि वर तांब्याभर पाणी प्यायला.

“कशी आहे?”

“तू वनरक्षक झाली पाहिजे,” तो म्हणाला. “एवढं पिऊन कोणी मागे नाही हटत.”

आई चुलीकडे तोंड करून भाकर थापत होत्या. माझ्या पळण्याबद्दल त्या आजवर एकच वाक्य बोलल्या होत्या. पहिल्या पहाटे मी बुटांची लेस बांधत असताना, “पळायचंच होतं तर लग्नाच्या आधी पळायचं!” त्यानंतर त्यांनी तो विषयच टाकला होता. मी ते वाक्य मात्र रोज पायात घालून पळत होते.

रोज पळून आल्यावर मी नाक दाबून एक चमचा पावडर पिऊ लागले. पहिला रविवार आला, आणि त्या रविवारी आमच्याकडे हरीमामा जेवायला आले. आईंचे सख्खे भाऊ. ते आमच्या पवनीला यायचे ते पातोडी खायला, बहिणीला भेटणं वरचं. आईंची पातोडी आमच्या वस्तीत नावाजलेली होती. बेसन शिजवून ताटात थापायचं, शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्शात सोडायच्या. त्यांची वडी रश्शात मोडत नसे आणि तोंडात टिकत नसे.

मी अन्वीला डोस द्यायला दवाखान्यात गेले होते. परत आले तर स्वयंपाकघरात आई एकट्याच भांड्याशी झुंजत होत्या. चाटू भांड्यात उभा होता. त्यांनी हात काढून घेतला तरी उभाच होता.

“काय झालं आई?”

“काही नाही. ताटं घे.”

पान वाढलं. हरीमामा वडी मोडायला गेले, ती लांबली. दातांनी ओढली, तशी पुन्हा मागे आली. त्यांनी ती रश्शातून वर धरली, उजेडात पाहिली.

“ताई,” ते गंभीरपणे म्हणाले, “ही पातोडी आहे का सायकलची ट्यूब?”

गुणवंताला ठसका लागला. मला काही चाखायच्या आतच आईंनी सगळं भांडं उचललं आणि परसात नेलं. शेजारच्या बकरीने हुंगलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

“बेसनात भेसळ आहे,” आईंनी जाहीर केलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. “त्या सुधाकऱ्याले आज सोडत नाही मी. माझ्या भावासमोर नाक कापलं त्यानं.” आणि भर दुपारी, डोक्यावर पदर आणि पदराखाली काहीतरी झाकून त्या तरातरा दुकानाकडे गेल्या.

परत आल्या तेव्हा एकदम शांत. मी विचारलं, “काय म्हणाले सुधाकरभाऊ?”

“काय म्हणते? दुकानदार कधी कबूल करते का?” एवढं बोलून त्यांनी हातातली जड पिशवी धान्याच्या कोठीमागे सरकवली.

दुसऱ्या दिवशी पळून आले तर घरभर खमंग वास.

“आई, काही भाजलं का?”

“शेजारून येते.”

मी डबा उघडला. पावडर जागच्या जागी होती, पण रंग जरा गडद वाटला. दमट हवेने असेल, म्हटलं. नाक दाबून दुधात ढवळली, घोट घेतला आणि नाक सोडलं. चांगली लागत होती! मला वाटलं, जिभेला सवय झाली. दुसऱ्या दिवशी आणखी चांगली लागली. त्या आठवड्यात माझा दुसरा किलोमीटर सरला तरी पाय माझेच राहिले. मी एवढी खूश झाले की नहरावर भेटणाऱ्या पोरींना ते पाकीट कुठल्या फळीवर आहे ते सांगत सुटले. “वास सहन करा,” मी अनुभवी बाईसारखी म्हणायची, “चव मागाहून येते.”

आणि मग एका सकाळी अन्वीला दोनदा पातळ शी झाली.

दात येत होते तिला. गुणवंत तसं म्हणाला, आई तसं म्हणाल्या, दवाखान्यातल्या सिस्टर तसं म्हणाल्या. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमू लागली. बेचव पावडर आपोआप चवदार कशी होईल? ही भेसळ आहे. विलासभाऊंनी स्वस्तातल्या पाकिटात काहीतरी मिसळून विकलंय, ते माझ्या पोटात गेलं आणि माझ्यातून माझ्या लेकरात. मी डब्यातली मूठभर पावडर कागदात बांधली, अन्वीला कडेवर घेतलं आणि भर दुपारी तरातरा दुकानाकडे निघाले.

“भाऊ, हे काय विकता तुम्ही? लहान लेकरं आहेत घरात!”

विलासभाऊंनी पुडी उघडली, बोटावर घेऊन चाटली. पुन्हा चाटली. मग तिसऱ्यांदा जरा जास्तच घेतली.

“मॅडम, हे माझं नाही.”

“तुमच्याच पाकिटातलं आहे.”

त्यांनी फळीवरचं नवं पाकीट काढून माझ्यासमोर फोडलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास दुकानभर पसरला. मी चिमूट तोंडात टाकली. तीच ती जुनी, नाक दाबायला लावणारी चव.

“मग हे काय आहे?”

“सुधाकर!” विलासभाऊंनी खिडकीत पुडी धरली. “पाह्य बरं, हे काय होय?”

सुधाकरभाऊंनी हुंगलं आणि सहज म्हणाले, “फुटाणे. शेंगदाणे. जवस दिसते. अन् तीळ तर माझ्याचकडचे, कौसाबाईनं त्या रविवारी नेले ते. त्या बेसनाच्या भांडणानंतर... ” ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “अरे बापा. सुनेले सांगू नको म्हटलं होतं.”

कौसाबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

“काय सांगू नको म्हटलं होतं?”

सुधाकरभाऊंनी एकदा भावाकडे पाहिलं, मग खिडकीच्या चौकटीला रेलून उभे राहिले. “आता तोंडातून गेलंच आहे तर ऐका. त्या दिवशी बाई त्या पातोडीची वडी घेऊन भांडाले आल्या. मी म्हटलं, हे बेसन नाहीच, याले औषधावानी वास आहे. विचारलं, कोणत्या डब्यातलं? त्या म्हणाल्या, तिसऱ्या. वर्षानुवर्षं माझं बेसन तिसऱ्याच डब्यात राहते. तो रिकामा होता, आता भरलेला दिसला, म्हटलं गुणवंतानं आणलं असन. मग एकाएकी कपाळाले हात लावला, अन् तिथं त्या पोत्यावर बसल्या.”

मला तो डबा डोळ्यांपुढे दिसला. रिकामा म्हणून मी उचललेला. ‘प्रोटीन’ लिहिलेला. आणि त्यांचा हात, ज्याला डबे ओळखायला डोळे लागत नसत.

“सारं पाकीटच पातोडीत गेलं होतं जी,” सुधाकरभाऊ म्हणाले. “बसल्या बसल्या म्हणे, पोरीनं चार दिवस वाचून वाचून आणलं, मी अर्ध्या तासात बकरीले घातलं. तुह्या भावाकडून दुसरं घेऊन दे. मी म्हटलं, चला. तर तेवढे पैसे नव्हते त्यांच्याजवळ. मग म्हणे, फुटाणे दे. चांगले दे.”

विलासभाऊ हसू दाबून दाबून जांभळे झाले होते. शेवटी सुटलेच. “म्हणजे पातोडीत प्रोटीन अन् प्रोटीनात फुटाणे! अन् भांडण दोन्ही वेळा आम्हा भावांशी!”

अन्वीला काय कळलं कोण जाणे, ती टाळ्या वाजवू लागली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी हसत होते, किती दिवसांनी ते देव जाणे.

“सुधाकरभाऊ,” मी पुडी परत बांधत म्हटलं, “तुम्ही मला काही सांगितलं नाही.”

“नाही जी.”

“आणि मी आज इथं आलेच नाही.”

“कोण तुम्ही?” विलासभाऊ म्हणाले.

दुसऱ्या पहाटे मी बूट घालून निघाले आणि वस्तीला वळसा घालून परसातून मागे आले. खिडकी उघडी होती. आई मंद आचेवर फुटाणे परतत होत्या. मिक्सर घरात होता, पण आवाज जाईल म्हणून त्यांनी खलबत्ता काढला होता, आणि त्याखाली जुन्या लुगड्याची घडी घातली होती. कुटलेलं पीठ पातळ कपड्यातून गाळत होत्या, पावडरीसारखं दिसावं म्हणून. अन्वी उठून त्यांच्या मांडीला टेकून बसली होती.

“तुह्या मायले सांगू नको बरं,” आई तिला सांगत होत्या. “ती शिकलेली आहे. तिले पावडरच लागते. तर आपण तिले पावडरच देऊ. अन् ती पळाली पाहिजे. माहं काय, मी तर तिसरीत शर्यतीत पहिली आली होती. मग माह्या बापानं शाळाच सोडवली. आता तुही माय पळन, मग तू पळजो.”

मी तिथून सरले आणि नहराच्या पाळीवर गेले. त्या दिवशी किती पळाले ते मोजलं नाही.

घरी येऊन मात्र वही-पेन घेऊन हिशेब केला. माझा स्वभाव जाईल कसा? फुटाण्यात किती, शेंगदाण्यात किती, तिळात किती. बेरीज पाकिटावरच्या आकड्याला पोचेना. म्हणून मी एका चमच्याचे तीन चमचे केले आणि वर दोन वाट्या वरण वाढवलं. मला वाटलं, डबा तीनपट वेगाने रिकामा होईल. झालं उलटंच. मी जेवढी खाई त्याहून जास्त पावडर दुसऱ्या दिवशी डब्यात असे. एकदा तर झाकण लागेना.

“आई,” मी निरागसपणे म्हटलं, “ही पावडर फुगते वाटतं.”

“चांगल्या कंपनीची आहे,” आई म्हणाल्या. त्यांनी चुलीतून नजर वर केली नाही.

गुणवंताला या कशाचा पत्ता नव्हता. तो एवढंच म्हणायचा की पावडर पिऊन तुझ्या अंगाला शेंगदाण्यासारखा वास येतो.

धावेच्या दिवशी आम्ही भंडाऱ्याला गेलो. अन्वीला सांभाळायला म्हणून आई सोबत आल्या. निघताना त्यांनी माझ्या हातात एक लहान डबी दिली. “तुही पावडर आहे. मी हात नाही लावला त्याले.”

मैदानाबाहेर नातेवाईकांची गर्दी कुंपणाला लटकली होती. आमच्या गटात चाळीसेक पोरी. बहुतेक माझ्याहून लहान, सडपातळ, पायांत भारी बूट. शिटी वाजली. मी शेवटच्या टोळीत होते. दुसरा किलोमीटर गेला, पाय माझेच होते. पण शेवटच्या फेरीला छाती भात्यासारखी वर-खाली होऊ लागली. पुढच्या पोरी लांब दिसू लागल्या. घड्याळवाला माणूस काहीतरी ओरडत होता, ते ऐकू येईना. डोक्यात नेहमीचं वाक्य सुरू झालं. पळायचंच होतं तर...

तेवढ्यात कुंपणाकडून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज आला.

“रोशनी! पळ माय! माह्या फुटाण्याची लाज राख!”

आई कुंपणाच्या खालच्या दांडीवर चढून उभ्या होत्या. पदर खांद्यावर घसरलेला, काखेत अन्वी, दुसरा हात हवेत. “रोज पहाटे कुटले म्या! पळ!”

मला हसू फुटलं. धापा टाकत असताना हसणं चुकीचंच, पण ते थांबेना, आणि हसता हसता पाय कसे सुटले मला ठाऊक नाही. मी एकीला मागे टाकलं, मग आणखी दोघींना. शेवटची पांढरी रेघ ओलांडली आणि मी जमिनीवर आडवी पडून हसत राहिले. घड्याळवाला माणूस वाकून विचारत होता, “मॅडम, बऱ्या आहात ना? वेळेत आलात तुम्ही.”

बाहेर आले. गुणवंत अन्वीला घेऊन धावत आला. आई मागे उभ्या होत्या, पदर पुन्हा डोक्यावर, तोंड कोरं.

“कोणते फुटाणे?” गुणवंताने विचारलं. “आई, काय ओरडत होती तू?”

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आईंकडे.

“कुठं काय?” मी म्हणाले. “मला तर काहीच ऐकू आलं नाही.”

“मी कायले ओरडू?” आई म्हणाल्या. मग माझ्या कपाळावरचा घाम त्यांनी पदराने पुसला, जरा जोरातच.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी करांडल्याच्या बाजूला जंगलात ड्युटी करते, आणि तिसरीतल्या अन्वीने यंदा शाळेतल्या शर्यतीत पहिला नंबर काढला. त्या डब्याबद्दल आमच्यात आजही एक शब्द निघत नाही. तो फळीवर तिसराच आहे. ‘प्रोटीन’ची अक्षरं पुसट झालीत, मी ती पुन्हा गिरवली नाहीत.

गेल्या महिन्यात शेजारची प्राजक्ता घरी आली. भरतीचा फॉर्म भरला होता तिने. ओट्यावर बसून मला विचारू लागली, “ताई, तुम्ही कोणती पावडर घेतली होती? मला स्वस्तातली सांगा. मी चार डबे वाचून आले, डोकं फिरलं.”

मी तोंड उघडणार, तोच आई आतून बाहेर आल्या. हात पिठाने भरले होते.

“पावडर कोणतीबी घे,” त्या म्हणाल्या. “डबा मात्र माह्याकडे ठेव.”